जवळचा माल : आगगाडी की मालमोटार?
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्याचा क्रम आता ठरून गेला आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वर्षाचा जमाखर्च वाचला जातो, आणि भोजनाची वेळ होईपर्यंत एखाद्या निवृत्त शिक्षकास बोलावयास उभे करण्यात येते. यंदा ती पाळी आमच्यावर आली आहे. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेले एक साधे शिक्षक. जन्मभर मुलांना भूगोल आणि अंकगणित शिकवले. तेव्हा अर्थशास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु आज दुपारच्या सभेत एक ठराव येणार आहे, आणि त्याचा संबंध नेमका या दोन विषयांशीच आहे. म्हणून हे धाडस.

ठराव असा की, आपल्या भागातील लहान रेल्वे स्थानकांवर पूर्वीप्रमाणे मालधक्के सुरू करावेत आणि व्यापाऱ्याचा व शेतकऱ्याचा थोडाथोडका माल रेल्वेने पुन्हा घ्यावा, अशी मागणी मंडळाने करावी. या ठरावावरून आपल्याच घराघरांत दोन तट पडले आहेत, हे आम्ही जाणतो. आडत दुकाने चालविणारी मंडळी म्हणतात, मालमोटारीचे भाडे परवडत नाही. ज्यांच्या दारात मालमोटारी उभ्या आहेत ते म्हणतात, मंडळच आमच्या पोटावर पाय देणार काय? आमच्या घरीही हीच स्थिती आहे. आमचे मेहुणे भुसार व्यापारी, आणि सख्खा पुतण्या दहा चाकी मालमोटारीचे हप्ते फेडतो आहे. त्याच्या कर्जाला जामीन आम्हीच आहोत. तेव्हा आम्ही तटस्थ आहोत असे कोणी समजू नये. आम्ही दोन्हीकडून अडकलेलो आहोत. अशा वेळी भांडण्यापेक्षा हिशेब मांडावा, हे बरे.

हिशेबासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचेच उदाहरण पुरेसे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही अडीच फुटी अरुंदमापी लाइन काढली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डूवाडी, ते बार्शी हा एकवीस मैलांचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. बार्शी आणि लातूरच्या बाजारपेठा वाढल्या त्यात या लहानशा गाडीचा वाटा फार मोठा होता. बैलगाडीशी तिची स्पर्धा होती, आणि बैलगाडीस तिने सहज हरविले.

आमचे वडील बार्शीच्या एका आडत दुकानात दिवाणजी होते. सुटीच्या दिवशी ते आम्हांस स्टेशनवर घेऊन जात. एकदा कुर्डूवाडीसही घेऊन गेले. तेथे अरुंदमापी वाघिणीतील पोती हमालांच्या पाठीवरून रुंदमापी वाघिणीत चढत होती. वडील आम्हांस म्हणाले, “भाडे किती ते मागाहून विचार. आधी पोते किती पाठी बदलते ते मोज.” त्या वेळी आम्हांस त्याचा अर्थ कळला नाही. पुढे कळला, आणि आजचे आमचे सारे भाषण म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

आपण ते मोजू. दुकानातून पोते निघाले की ते गाडीवर चढते, ही पहिली पाठ. मालधक्क्यावर उतरते, ही दुसरी. वाघिणीत चढते, ही तिसरी. मुक्कामाच्या स्थानकावर वाघिणीतून उतरते ती चौथी, पुन्हा गाडीवर चढते ती पाचवी, आणि घेणाऱ्याच्या वखारीत उतरते ती सहावी. कुर्डूवाडीस माप बदलत असे, तेव्हा तेथील चढउतार आणखी निराळी. मालमोटारीत हेच पोते दुकानाच्या दारात चढते आणि वखारीच्या दारात उतरते. दोन पाठी, आणि काम संपले. प्रत्येक पाठीस हमाली आहे, प्रत्येक पाठीस थोडी सांड आहे, फुटलेले पोते आहे, आणि “माल मिळाला तेव्हा कमी होता” ही तक्रार आहे.

आता हे अंकगणितात मांडू. पुढील आकडे आम्ही केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत, कोणत्याही दरपत्रकातील नव्हेत. एका क्विंटलला एका पाठीची हमाली दहा रुपये धरा. मालमोटारीचे भाडे क्विंटलला दर किलोमीटरमागे तीस पैसे आणि आगगाडीचे त्याच्या निम्मे, म्हणजे पंधरा पैसे धरा. आगगाडीच्या मालास दोन्ही टोकांना टेंपो लागतो, त्याचे मिळून तीस रुपये धरा.

अंतर १०० किलोमीटर असेल तर मालमोटारीस हमाली वीस आणि भाडे तीस, एकूण पन्नास रुपये पडतात. आगगाडीस हमाली साठ, टेंपो तीस आणि भाडे पंधरा, एकूण एकशे पाच. दुपटीहून अधिक! अंतर ३०० किलोमीटर झाले तर मालमोटारीस एकशे दहा आणि आगगाडीस एकशे पस्तीस. अजून मोटारच स्वस्त. पण ६०० किलोमीटरला मालमोटार दोनशे आणि आगगाडी एकशे ऐंशी. येथे पारडे फिरले. आमच्या या हिशेबात ते साधारण पावणेपाचशे किलोमीटरच्या सुमारास फिरते. या विषयातील जाणकारही ही सीमा तीनशे ते पाचशे किलोमीटरच्या दरम्यान सांगतात. म्हणजे निम्मे भाडे घेणारी आगगाडी जवळच्या पल्ल्यात महाग पडते. तिचे भाडे जास्त म्हणून नव्हे, तर तिच्यापर्यंत जाण्याचा आणि तिच्यापासून येण्याचा खर्च जास्त म्हणून.

हा झाला माल पाठविणाराचा हिशेब. आता रेल्वेच्या बाजूने पाहू, कारण दुसऱ्याची वही पाहिल्याशिवाय तक्रार करणे योग्य नव्हे. रेल्वेची वाघीण भरली जाते, गाडी पूर्ण होण्याची वाट पाहते, प्रवासी गाड्यांना वाट देत थांबते, पोहोचल्यावर रिकामी होण्याची वाट पाहते, आणि मग पुढच्या मालाकडे जाते. हा एक फेरा सरासरीने पाच दिवसांच्या आसपास जातो. त्यात चाके प्रत्यक्ष फिरतात तो वेळ थोडा, उभे राहण्याचा वेळ फार. शंभर किलोमीटर जा की सहाशे जा, उभे राहण्याचा वेळ बहुतेक तितकाच. मग जी वाघीण सहाशे किलोमीटरचे भाडे मिळवू शकते, ती शंभर किलोमीटरसाठी रेल्वेने का गुंतवावी? म्हणूनच माल जवळ न्यावयाचा असला तरी निदान शंभर किलोमीटरचे भाडे आकारण्याचा नियम तिने ठेवला. मध्यंतरी जवळच्या पल्ल्यास सवलतीही दिल्या. पण सवलतीने भाडे कमी होते, पाठी कमी होत नाहीत.

१९८० नंतर रेल्वेने आपली रीतच बदलली. एकेक वाघीण गोळा करून, वाटेतील यार्डांत जोडतोड करीत नेण्याऐवजी, एका ठिकाणी पूर्ण गाडी भरावयाची आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण रिकामी करावयाची, असे धोरण तिने धरले. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, खते, धान्य, पोलाद यांस हे सोयीचे होते. २०२२-२३ या वर्षात रेल्वेने दीडशे कोटी टनांहून अधिक माल वाहिला, आणि एका टनाचा सरासरी प्रवास सुमारे सहाशे किलोमीटरचा झाला. पण पन्नास पोत्यांचा व्यापारी या रीतीतून बाहेर पडला. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत देशातील मालवाहतुकीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग रेल्वेकडे होता; अलीकडच्या काळात तो सव्वीस-सत्तावीस टक्क्यांवर आला आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती थोडी कडू आहे. आषाढीस आपण पंढरपूरला आगगाडीने जातो आणि तिकीट स्वस्त म्हणून समाधान मानतो. ते तिकीट खर्चापेक्षा कमी दरात मिळते. तूट कोण भरतो? मालगाडीचे भाडे. म्हणजे प्रवासी म्हणून आपण जे वाचवितो, त्यातील काही भाग व्यापारी म्हणून आपणच भरतो, आणि मग माल मालमोटारीत घालतो. दुसरीकडे मालमोटार धावते तो रस्ता एकट्या मोटारमालकाने बांधलेला नाही. तो डिझेलवरील कर भरतो, पथकर भरतो, हे खरे. पण उखडलेला रस्ता, अपघात आणि धूर यांचा पुरा हिशेब त्याच्या बिलात येत नाही. रेल्वेला मात्र आपला रूळ आपणच सांभाळावा लागतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फारच कमी असते, म्हणून त्याच टनाला तिला इंधन कितीतरी कमी लागते. तेव्हा देशाच्या दृष्टीने आगगाडी स्वस्त आणि दुकानदाराच्या दृष्टीने महाग, असा हा पेच आहे.

आपल्याकडे पुष्कळांची समजूत होती की, सारा दोष अरुंद मापाचा आहे. कुर्डूवाडीची ती चढउतार गेली की बार्शीचा व लातूरचा माल रुळावर परत येईल. २००८ मध्ये लातूर ते कुर्डूवाडी मार्ग रुंदमापी होऊन पूर्ण झाला. प्रवाशांची मोठी सोय झाली. लातूरहून बसलेला माणूस न उतरता मुंबईस जाऊ लागला. पण पन्नास पोत्यांचा व्यापारी काही स्टेशनवर परत आला नाही. कुर्डूवाडीची चढउतार गेली, पण बाकीच्या सहा पाठी जागच्या जागी राहिल्या. शिवाय पन्नास पोती घेणारी गाडीच उरली नव्हती.

मग जवळच्या पल्ल्यात आगगाडी कायमची हरली असे मानावयाचे काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचा पुरावा याच मार्गावर मिळाला आहे. २०१६ साली, आम्ही सेवानिवृत्त झालो त्याच वर्षी, लातूरला पिण्याचे पाणी उरले नाही. तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी सुटली. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, वाट बहुतेक जुन्या बार्शी लाइटचीच. प्रथम दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर येऊ लागले. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका गाडीच्या पाण्याला अडीचशे टँकर लागले असते, आणि तेही तितके अंतर जाऊन परत येणारे. हे कशामुळे साधले? माल एकच, निघण्याचे ठिकाण एक, पोहोचण्याचे ठिकाण एक, आणि दोन्ही टोकांना नळ. पाण्याला पाठ लागतच नव्हती! कोळशाच्या खाणीपासून रामगुंडमसारख्या विद्युत्केंद्रापर्यंत अगदी जवळच्या पल्ल्यात गाड्या सारख्या फिरत राहतात, त्याचेही कारण हेच.

आपल्या मघाच्या उदाहरणात दोन्ही टोकांना वखारीच्या दाराशीच रूळ आहे असे धरा. पाठी दोनच राहतात, टेंपो लागत नाही. मग १०० किलोमीटरला आगगाडीचा खर्च वीस अधिक पंधरा, म्हणजे पस्तीस रुपये; मालमोटारीचा पन्नास. येथे आगगाडी जवळच्या पल्ल्यातही जिंकली. तेव्हा अंतर थोडे हा मुख्य दोष नव्हे, पाठी फार हा मुख्य दोष आहे.

हे मर्म कॅलथ्रॉपसाहेबांसही कळले होते असे दिसते. बार्शीनंतर त्यांनी इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाइन उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. त्या भागात दुधाची वाहतूक मोठी. तेथे त्यांनी अशा वाघिणी केल्या की, मोठ्या मापाची अख्खी वाघीणच लहान मापाच्या वाघिणीवर चढून जाई. माल हलवावयाचा नाही, मालासकट गाडीच हलवावयाची! ती लाइनही पुढे १९३४ मध्ये बंद पडली, कारण युक्ती चांगली असली तरी तेवढा मालही असावा लागतो. परंतु तीच कल्पना निराळ्या रूपाने आपल्या कोकणात आली. १९९९ च्या जानेवारीत कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातील वेर्णे या चारशे किलोमीटरहून थोड्या अधिक पल्ल्यावर भरलेल्या मालमोटारीच सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास आरंभ केला. चालक आणि क्लीनर मोटारीबरोबरच असतात. घाटाचा रस्ता टळतो, डिझेल आणि टायर वाचतात, आणि पोत्याला एकही पाठ जास्त लागत नाही. येथे आगगाडी आणि मालमोटार परस्परांच्या वैरी नाहीत; एक दुसरीला कडेवर घेऊन चालली आहे.

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. २०२० च्या ऑगस्टमध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल्वे आपल्या सांगोल्याहून बंगालमधील शालिमारला निघाली. डाळिंबे दोन हजार किलोमीटरहून दूर गेली. थोडा माल पाठविणाऱ्या शेतकऱ्यासही त्यात जागा होती. पण भाड्यात जे निम्मे अनुदान मिळत होते ते आटले, तशा या गाड्याही विरळ झाल्या. अनुदानावर उभी राहिलेली सोय अनुदानाबरोबर जाते, हा धडा आपल्या ठरावाच्या वेळी विसरू नये.

आता ठरावाविषयी. आमची नम्र सूचना अशी की, “प्रत्येक लहान स्थानकावर मालधक्का” ही मागणी आपण सोडावी. ती मान्य झाली तरी तेथे गवतच उगवेल. त्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात आणि एक आपण स्वतः करावी. पहिली, आपल्या भागात एकच मालधक्का, पण तो चांगला असावा. पावसाळ्यात चिखल होणार नाही असा रस्ता, वर छप्पर, पुरेसा उजेड आणि हमालांसाठी पाणी व सावली. दुसरी, बाजार समितीची नवी वखार जेव्हा बांधली जाईल, तेव्हा ती रुळाला लागून बांधावी, म्हणजे पाठी आपोआप कमी होतील. खासगी जागेवरही मालाचे टर्मिनल बांधता येईल असे गतिशक्ती कार्गो टर्मिनलचे धोरण २०२१ च्या डिसेंबरात जाहीर झाले आहे. त्याची चौकशी करावी. तिसरी, वीस वाघिणींची लहान गाडी, जिला मिनी रेक म्हणतात, ती आपल्या व्यापाऱ्यांस कशी मिळेल ते पाहावे. आणि आपण स्वतः करावयाची गोष्ट म्हणजे, दहा दुकानांनी माल एकत्र करून एका दिवशी एका गावास पाठविणे. हे सर्वांत कठीण आहे. रेल्वेचे मन वळविणे सोपे, पण शेजारच्या दुकानदारास आपला भाव कळू द्यावयाचा नाही ही आपली जुनी खोड सोडणे कठीण! तथापि वसतिगृहासाठी जर आपण एकत्र येतो, तर एका गाडीसाठी का येऊ नये?

मालमोटारवाल्या तरुणांसही दोन शब्द. तुमचा धंदा बुडणार नाही. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आतील, थोड्या थोड्या मालाची, दारापासून दारापर्यंतची वाहतूक तुमच्याच हाती राहील. ती घेण्याची आगगाडीची इच्छाही नाही आणि ऐपतही नाही. चांगला मालधक्का झाला तर त्याच्या दोन्ही टोकांना फेऱ्या तुमच्याच गाड्या करतील. परंतु हजार-पंधराशे किलोमीटरच्या फेऱ्यांवर भिस्त ठेवून जे मोठे कर्ज काढतात त्यांनी सावध असावे. केवळ मालगाड्यांसाठी बांधलेल्या नव्या मार्गिकांपैकी पूर्वेकडील पूर्ण झाली आहे आणि पश्चिमेकडील बहुतांश खुली झाली आहे. मालवाहतुकीतील आपला वाटा २०३० पर्यंत पंचेचाळीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट रेल्वेने ठेवले आहे. ते पुरे होवो न होवो, लांब पल्ल्याची ओढाताण वाढणार हे निश्चित.

आमच्या पुतण्यास आम्ही मागील महिन्यात वही घेऊन बसविले. त्याने डिझेल लिहिले, पथकर लिहिला, हप्ता लिहिला. आम्ही विचारले, “टायरची झीज कोठे आहे? परतीची रिकामी फेरी कोठे आहे? तुझी स्वतःची रोजची मजुरी कोठे आहे?” तो गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, ते धरले तर काहीच उरत नाही.” आम्ही म्हणालो, “मग ते आज कळलेले बरे.” त्या वहीवरून त्याने गुजरातची फेरी सोडली आणि जवळच्या तीन बाजारांची नियमित फेरी धरली. आता हप्ता वेळेवर जातो की नाही, ते जामीनदार म्हणून आम्ही दरमहा पाहतोच आहोत.

बंधुभगिनींनो, ठरावाच्या बाजूने वा विरुद्ध मत देण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरच्या मालाचा एकदा असा हिशेब मांडावा, एवढीच आमची विनंती आहे. मालमोटारवाला आणि आडतदार हे एकाच पंक्तीला बसणारे आहेत. आज दुपारीही ते शेजारीच बसणार आहेत. भाड्याचा प्रश्न भावकीचा होऊ देऊ नये. भोजनाची वेळ झाली आहे याची आम्हांस जाणीव आहे.